ताप एक, विषाणू दोन: पावसाळ्यातील निदानाची पद्धत बदलायला हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या मे महिन्यात नैऋत्य मोसमी वारे २४ तारखेला केरळात दाखल झाले आणि दोनच दिवसांत मुंबईपर्यंत पोहोचले. त्याच सुमारास केरळ, महाराष्ट्र आणि दिल्लीत करोनाच्या रुग्णांची संख्या पुन्हा वाढू लागली होती. लाट मोठी नव्हती आणि लवकरच ओसरली, त्यामुळे या योगायोगाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. परंतु जिल्ह्याच्या गावी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्यासारख्या पॅथॉलॉजिस्टला त्यातून एक जुनाच प्रश्न नव्याने समोर आलेला दिसला. करोना आता वर्षाच्या कोणत्याही महिन्यात डोके वर काढू शकतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पावसाबरोबर येतात आणि दिवाळीपर्यंत मुक्काम करतात. या दोहोंचा काळ जेव्हा एकमेकांवर येतो, तेव्हा समोर बसलेल्या तापाच्या रुग्णाला यांपैकी काय झाले आहे, आणि दोन्ही तर झालेले नाही ना, हे आपण कसे ठरवतो? माझ्या मते ते आपण फार घाईने आणि फार अपुऱ्या पुराव्यावर ठरवतो. त्यात बदल करणे आपल्या राज्याला सहज शक्य आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हा धोका किती खरा आहे हे करोनाच्या अगदी सुरुवातीला सिंगापूरमधून समजले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे दोन रुग्ण ताप, खोकला आणि कमी झालेल्या प्लेटलेट घेऊन आले. रक्ताच्या जलद चाचणीत डेंग्यूची प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, म्हणजे अँटिबॉडी) दिसली आणि दोघांवरही डेंग्यूचे रुग्ण म्हणून उपचार सुरू झाले. ताप हटेना आणि एकाला धाप लागू लागली, तेव्हा करोनाची तपासणी झाली आणि ती दोघांचीही पॉझिटिव्ह आली. नंतर आरटी-पीसीआर या जनुकीय चाचणीने डेंग्यूचा विषाणू शोधला असता तो सापडला नाही. म्हणजे पहिला अहवाल खोटा पॉझिटिव्ह होता. 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस' या नियतकालिकाने मार्च २०२० मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. सिंगापूरची आरोग्यव्यवस्था जगातील उत्तम व्यवस्थांपैकी एक मानली जाते. तिथे हे घडू शकते, तर एकाच तंत्रज्ञाच्या भरवशावर चालणाऱ्या तालुक्याच्या प्रयोगशाळेत ते किती सहज घडत असेल याचा विचार व्हावा. या चुकीची किंमत फक्त त्या दोन रुग्णांपुरतीही नव्हती. डेंग्यूचा रुग्ण म्हणून ज्याला ठेवले जाते त्याच्याजवळ जाताना कोणी मास्क लावत नाही आणि त्याच्या नातेवाइकांनाही कोणी दूर ठेवत नाही.

याच्या उलट घडलेले उदाहरण आपल्या देशातच आहे. २०२१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद जिल्ह्यात तापाने लहान मुले दगावू लागली. दुसऱ्या लाटेची भीती मनात ताजी होती आणि तिसरी लाट मुलांवर येणार असे सगळीकडे बोलले जात होते, त्यामुळे पहिली शंका करोनाची आली. बातम्यांमध्ये 'गूढ ताप' असे शब्द झळकले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नमुने तपासल्यावर तो डेंग्यूचा क्रमांक दोनचा उपप्रकार असल्याचे स्पष्ट झाले. डेंग्यू आपल्याकडे नवा नाही. त्याचा विषाणू भारतात १९४५ मध्येच वेगळा करण्यात आला होता. तरीही त्या वर्षी त्याच्या आधी करोनाचेच नाव सुचले, कारण दीड वर्ष सगळी यंत्रणा एकाच आजाराकडे पाहत होती.

तिसरी शक्यता दोन्ही विषाणू खरोखरच एकाच शरीरात असण्याची. दिल्लीचे तत्कालीन उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया यांना सप्टेंबर २०२० मध्ये करोना झाला, त्यासाठी ते रुग्णालयात दाखल असतानाच डेंग्यूचेही निदान झाले आणि प्लेटलेट कमी होऊ लागल्याचे जाहीर करण्यात आले. ते राजधानीतील मोठ्या रुग्णालयात होते आणि त्यांची रोज तपासणी होत होती, म्हणून दुसरा आजार लक्षात आला. करोनाचा अहवाल हाती आल्यावर रक्त पुन्हा तपासण्याचे कारणच कोणाला वाटले नाही, असे किती रुग्ण त्या पावसाळ्यात देशभर असतील!

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुरंदर तालुक्यातील बेलसर हे गाव आठवावे. जुलै २०२१ मध्ये तिथे तापाचे रुग्ण वाढले. काही नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले आणि त्यांत चिकुनगुन्या सापडला. तिथेच थांबले असते तरी कोणी दोष दिला नसता. साथीचे कारण मिळाले होते. पण संस्थेचे पथक गावात जाऊन आले, आणखी नमुने घेतले गेले आणि त्यांत एका महिलेला चिकुनगुन्याबरोबरच झिका या डासांमुळेच पसरणाऱ्या विषाणूचाही संसर्ग असल्याचे आढळले. राज्यातील झिकाचा तो पहिला नोंदलेला रुग्ण. हे सगळे करोनाची दुसरी लाट ओसरत असतानाचे. एक विषाणू सापडल्यावरही शोध चालू ठेवला, म्हणून दुसरा सापडला. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे, आणि ते बेलसरमध्ये प्रत्यक्ष करून दाखवले गेले आहे.

आता चाचण्यांकडे वळतो, कारण खरा गोंधळ तिथे आहे आणि सामान्य वाचकाला त्याची कल्पना असणे आवश्यक आहे.

डेंग्यूचा विषाणू रक्तात असतो आणि करोनाचा श्वसनमार्गात. नाकातील स्वॅबमध्ये डेंग्यू सापडणार नाही आणि रक्ताच्या नमुन्यात करोनाचा विषाणू भरवशाने सापडत नाही. म्हणजे एकाच नमुन्यावरून दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळणे शक्य नाही. दोन नमुने घ्यावेच लागतात. ही साधी गोष्ट आहे, पण ओपीडीच्या गर्दीत नेमकी तीच सुटते. खोकला असेल तर स्वॅब, अंगदुखी असेल तर रक्त, अशी वाटणी मनातल्या मनात होते आणि एक नमुना घेतला की दुसरा राहतो.

डेंग्यूच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती दिवसांची. विषाणू आणि त्याने रक्तात सोडलेले एनएस१ हे प्रथिन तापाच्या पहिल्या साधारण पाच दिवसांत सापडते. त्यानंतर ते कमी होते आणि आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे दिसू लागतात. तिसऱ्या दिवशी आयजीएमची चाचणी केली तर डेंग्यू असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते आणि आठव्या दिवशी एनएस१ केली तर तीही. ज्यांना पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला आहे, त्यांच्यात एनएस१ आणखी लवकर दिसेनासे होते, आणि नेमक्या याच लोकांना दुसऱ्या वेळी आजार गंभीर होण्याचा धोका अधिक असतो. असे असताना प्रयोगशाळेत येणाऱ्या कागदावर 'फीवर प्रोफाइल' एवढेच लिहिलेले असते. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला हे कागदावर नसते, आणि विचारायला जावे तर नमुना आणून देणाऱ्यालाही ते माहीत नसते. अशा वेळी अहवालातील पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह या शब्दाला किती वजन द्यायचे हे ना आम्हाला सांगता येते, ना तो वाचणाऱ्या डॉक्टरांना.

प्रतिपिंडांचा अर्थ लावणे तर याहून नाजूक काम. आयजीएम रक्तात दोन-तीन महिने राहू शकते. ऑगस्टमध्ये डेंग्यू होऊन बरा झालेल्या माणसाला ऑक्टोबरमध्ये करोना झाला तर त्याच्या रक्तात आयजीएम सापडेल आणि स्वॅबमध्ये करोनाचा विषाणू. कागदावर हे दोन्ही संसर्ग एकाच वेळचे दिसतील, प्रत्यक्षात ते एकामागून एक झालेले असतील. करोनाच्या बाजूनेही हेच होऊ शकते: रुग्ण बरा झाल्यानंतरही विषाणूचे अवशेष कित्येक आठवडे आरटी-पीसीआरमध्ये दिसू शकतात, आणि मग आजच्या डेंग्यूच्या तापाला मागच्या महिन्यातील करोनाची जोड लागते. आयजीजी या दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिपिंडांबद्दल तर बोलायलाच नको. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७-१८ मधील देशव्यापी पाहणीत तपासलेल्या लोकांपैकी ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात पूर्वीच्या डेंग्यूच्या खुणा आढळल्या. पश्चिम भारतात हे प्रमाण ६२.३ टक्के होते. ज्या प्रदेशात निम्म्याहून अधिक लोकांना डेंग्यू कधी ना कधी होऊन गेला आहे, तिथे जलद चाचणीच्या एका कार्डावरील आयजीजीच्या रेघेवरून आजच्या तापाचे निदान करणे शास्त्राला धरून नाही.

शिवाय ही प्रतिपिंडे आपल्याच विषाणूला ओळखतील असेही नाही. डेंग्यू, झिका आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू एकाच कुळातील असल्यामुळे एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत पॉझिटिव्ह येतात, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होते. करोनाचा विषाणू या कुळातील नाही, तरीही सिंगापूरमध्ये गफलत झाली. इस्राएलमधील संशोधकांनी करोनाच्या साथीपूर्वी गोळा केलेले डेंग्यू रुग्णांच्या रक्ताचे ९५ नमुने करोनाच्या प्रतिपिंड चाचणीने तपासले, तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आला. कोलकात्यातील भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्थेतही जुन्या डेंग्यू नमुन्यांमध्ये असा प्रकार आढळला. पुढे काही देशांतील अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी निघाले, त्यामुळे हा परिणाम कोणते किट वापरले यावर पुष्कळसा अवलंबून असावा असे मला वाटते. पण किटवर अवलंबून असणे हीच आपल्याकडे काळजीची गोष्ट आहे, कारण बाजारात अनेक कंपन्यांची जलद किट आहेत आणि रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालावर बहुधा त्यातील कोणते वापरले हे लिहिलेले नसते.

करोनाच्या जलद प्रतिजन चाचणीचेही (विषाणूचे प्रथिन थेट शोधणाऱ्या अँटिजेन चाचणीचेही) तसेच. जून २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तिला मान्यता देताना स्वतःच्या पडताळणीत तिची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती जण ती पकडते हे प्रमाण, ५०.६ ते ८४ टक्के असल्याचे नमूद केले होते आणि लक्षणे असलेल्या माणसाची ही चाचणी निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करावीच असे सांगितले होते. तो दुसरा भाग हळूहळू विस्मरणात गेला. आज घरी केलेल्या किंवा दवाखान्यात केलेल्या जलद चाचणीत करोना दिसला नाही की करोना नाहीच असे धरले जाते, आणि मग डेंग्यूच्या कार्डावरील पुसटशा रेघेला आपोआप महत्त्व येते.

यावर काही डॉक्टर मित्र म्हणतात की अनुभवी वैद्याला लक्षणांवरून फरक कळतो. काही प्रमाणात ते खरे आहे आणि मी त्यांच्या अनुभवाचा आदर करतो. डोळ्यांच्या मागे दुखणे, अंगावर लालसर पुरळ, हिरड्यांतून रक्त येणे ही डेंग्यूकडे बोट दाखवणारी लक्षणे. बोटांचे आणि घोट्याचे सांधे इतके दुखणे की चालणे अवघड व्हावे, हे चिकुनगुन्याचे. खोकला, घसा दुखणे आणि रक्तातील प्राणवायू घटणे हे करोनाचे. पण सुरुवातीच्या तीन-चार दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ आणि थकवा हेच सर्वांत असते. वास जाणे ही करोनाची मोठी खूण होती, ती ओमायक्रॉननंतर पुष्कळ कमी दिसू लागली. पुरळ करोनातही येते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही आजारांत कमी होतात. प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली वेगाने घसरत असतील आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) वाढत असेल तर डेंग्यूची शंका बळावते, परंतु त्या अवस्थेपर्यंत थांबणे म्हणजे निदानाची सगळ्यात उपयोगी वेळ गमावणे होय. आणि दोन्ही आजार एकत्र असतील तर लक्षणांचे चित्र एकमेकांत मिसळून जाते. त्या वेळी अनुभवानेही चकवा दिल्याची उदाहरणे प्रसिद्ध झाली आहेत.

काही वाचक विचारतील की दोन्ही विषाणूजन्य आजार आहेत, बहुतेकांना विश्रांती आणि पॅरासिटामॉलने बरे वाटते, मग एवढा काथ्याकूट कशासाठी? सौम्य आजारात हे म्हणणे योग्यच आहे. पण आजार वाढला की दोन्हींचे उपचार परस्परविरोधी दिशांना जातात. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि वेळेवर पुरेसे सलाइन दिले नाही तर रुग्ण शॉकमध्ये जातो. करोनाच्या न्यूमोनियात गरजेपेक्षा अधिक सलाइन फुप्फुसांवर उलटते. गंभीर करोनात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनसारखे औषध दिले जाते. प्लेटलेट घटलेल्या डेंग्यूच्या रुग्णात तेच औषध रक्तस्राव घडवू शकते. प्राणवायूची गरज भासणाऱ्या करोना रुग्णांना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा होतो हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने सिद्ध केले. डेंग्यूत स्टेरॉइड देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगदुखीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या डेंग्यूची शंका असताना टाळायच्या असतात. धोक्याचे दिवसही वेगळे: डेंग्यूत ताप उतरू लागतो त्या सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, सर्वांत जास्त लक्ष ठेवावे लागते, तर करोनात श्वासाची तक्रार बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी वाढते. एकच आजार धरून चालणारा डॉक्टर दुसऱ्या आजाराच्या धोक्याच्या दिवशी रुग्णाला घरी पाठवून मोकळा होतो. गरोदर स्त्रीच्या बाबतीत झिकाचाही विचार करावा लागतो, कारण तो गर्भाला अपाय करू शकतो. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात झिकाचे जे रुग्ण आढळले त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या, आणि झिका व डेंग्यूची प्रतिपिंडे एकमेकांच्या चाचणीत गोंधळ घालतात हे वर आलेच आहे. तिथे रक्त आणि लघवी दोन्हींची आरटी-पीसीआर हाच विश्वासाचा मार्ग.

हे सर्व सरकारला माहीत नाही असे मुळीच नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्येच करोना आणि हंगामी साथीचे आजार एकत्र होण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. डेंग्यू, चिकुनगुन्या, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस, हंगामी इन्फ्लुएन्झा यांचा त्यात उल्लेख होता आणि यांपैकी एक आजार सापडला म्हणून करोना नाही असे समजू नये, तसेच करोना सापडला म्हणून हे आजार नाहीत असेही समजू नये, असा त्या सूचनांचा आशय होता. कीटकजन्य रोग नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियमही स्पष्ट आहे: जलद कार्डावरील निकालाला निश्चित निदान मानत नाहीत, एनएस१ किंवा आयजीएमची एलायझा (प्रयोगशाळेत यंत्रावर केली जाणारी अधिक भरवशाची) चाचणी लागते, आणि आयजीएम एलायझाची किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्थाच तयार करून देशभरातील निवडक रुग्णालयांना पुरवते. म्हणजे शास्त्र आपल्याकडे आहे, नियम आपल्याकडे आहेत, आणि ते ज्या संस्थेतून येते ती १९५२ पासून आपल्या राज्यात उभी आहे. अडते ते तापाचा रुग्ण पहिल्यांदा जिथे जातो त्या पायरीवर, म्हणजे गावातील खाजगी दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि कोपऱ्यावरची छोटी प्रयोगशाळा यांच्यात.

म्हणून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की जून ते नोव्हेंबर या काळासाठी तापाच्या तपासणीची एक सक्तीची, साधी पद्धत ठरवावी. नमुन्याबरोबर येणाऱ्या कागदावर ताप सुरू झाल्याची तारीख लिहिलेली नसेल तर नमुना अपूर्ण समजावा. ही एक ओळ भरायला खर्च नाही, आणि माझ्या अनुभवात एवढ्या एका नोंदीने जितके गैरसमज टळतील तितके महागड्या यंत्राने टळणार नाहीत. ताप पाच दिवसांच्या आत असेल आणि परिसरात करोनाचे रुग्ण असतील तर पहिल्याच भेटीत स्वॅब आणि रक्त दोन्ही घ्यावे, रक्तावर एनएस१ एलायझा करावी; पाच दिवस उलटून गेले असतील तर आयजीएम एलायझा करावी आणि शक्य तिथे आठ-दहा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन प्रतिपिंडे वाढली का ते पाहावे. हिवतापाची तपासणी तर कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. एक विषाणू सापडल्यावर दोन दिवसांत रुग्ण अपेक्षेप्रमाणे सुधारला नाही तर दुसऱ्याचा शोध पुन्हा घ्यावा, मग पहिला अहवाल कितीही ठळक असो. आणि एकाच वेळी दोन संसर्ग अशी नोंद करायची असेल तर दोन्ही विषाणूंचा प्रत्यक्ष पुरावा, म्हणजे जनुकीय चाचणी किंवा प्रतिजन, मिळालेला असावा; नुसत्या आयजीएमवर तशी नोंद होऊ नये. जगभरात प्रसिद्ध झालेल्या अशा रुग्णांच्या काही वर्णनांत हा पुरावा अपुरा आहे असे मला ती वाचताना वाटले, आणि आपल्या नोंदी तरी तशा नसाव्यात.

प्रत्येक रुग्णाची डेंग्यूसाठी आरटी-पीसीआर करावी असे मी म्हणत नाही. ते परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण गंभीर रुग्ण, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि ज्यांचे दोन अहवाल परस्परविरोधी आहेत असे रुग्ण, यांच्यासाठी ती सोय जिल्ह्यात असायला हवी. जानेवारी २०२० मध्ये करोनाची तपासणी देशात फक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत होत होती. पुढे दोन वर्षांत हजारो प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्याच यंत्रांवर डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका यांची एकत्रित तपासणी करता येते. लागतात ती वेगळी रसायने, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि रक्ताचा नमुना शीतसाखळीत, म्हणजे सतत थंड ठेवून, पोहोचवण्याची व्यवस्था. करोना काळात कंत्राटावर घेतलेले तंत्रज्ञ साथ ओसरताच कमी करण्यात आले आणि त्यांच्याबरोबर दोन वर्षांत हाताला आलेले कौशल्यही गेले, याचे मला फार वाईट वाटते. ती माणसे पुन्हा मिळवणे हे यंत्र विकत घेण्यापेक्षा कठीण आहे, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल. खर्चाबद्दल एवढेच सांगतो की मार्च २०२० मध्ये करोनाच्या आरटी-पीसीआरची कमाल किंमत ४,५०० रुपये ठरली होती आणि वर्षभरात ती महाराष्ट्रात ५०० रुपयांपर्यंत खाली आणली गेली. मागणी एकत्र केली आणि शासनाने दर ठरवला की चाचणी स्वस्त होते, हे आपण अनुभवलेले आहे.

रुग्णालयांनी वॉर्डांच्या रचनेचाही विचार करावा. करोनाच्या कक्षात मच्छरदाणी नसते, कारण तिथे डासांची आठवण कोणाला होत नाही. त्या कक्षातील एखाद्या रुग्णाच्या रक्तात डेंग्यूचा विषाणू असेल तर दिवसा चावणारा एडिस डास तो इतरांपर्यंत पोहोचवू शकतो. संशयाच्या काळात रुग्णाला मास्क आणि मच्छरदाणी दोन्ही द्यावी. कूलर, फ्रीजमागील ट्रे आणि गच्चीवरील टाक्या यांची आठवड्याची तपासणी रुग्णालयाने आधी स्वतःच्या आवारात करावी.

शेवटचा मुद्दा आकडेवारीचा, आणि तो थेट आपल्या वृत्तपत्र व्यवसायाशी संबंधित आहे. देशात २०१९ मध्ये डेंग्यूचे दीड लाखाहून अधिक रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये ४४,५८५ आणि २०२१ मध्ये १,९३,२४५. टाळेबंदीच्या वर्षी आकडा एवढा घसरला, त्यात लोकांचे फिरणे थांबल्याचा वाटा असेलही. परंतु त्या वर्षी तापाचा रुग्ण रुग्णालयात जायला घाबरत होता, गेला तर त्याचा स्वॅब घेतला जात होता आणि डेंग्यूची एलायझा करणारे बरेच हात करोनाच्या कामाला लागले होते, हेही तितकेच खरे. तपासणी कमी झाली की रुग्णही कमी दिसतात. म्हणून वर्तमानपत्रे जेव्हा जिल्ह्यातील डेंग्यूच्या किंवा करोनाच्या रुग्णांचा आठवड्याचा आकडा छापतात, तेव्हा त्याच्या शेजारी किती नमुने तपासले, त्यांतील किती एलायझाने आणि किती जलद कार्डाने, आणि किती जणांची दोन्ही आजारांसाठी तपासणी झाली, हेही छापावे अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे. आरोग्य खात्याकडे ही माहिती मागितली तर मिळू शकते; आजवर ती फारशी कोणी मागितलेली दिसत नाही. आपल्या वार्ताहरांनी या पावसाळ्यात दर आठवड्याला ती मागावी, आणि जो जिल्हा ती देऊ शकणार नाही त्याच्या नावापुढे तसे स्पष्ट लिहावे.

आपला नम्र,
एक पॅथॉलॉजिस्ट, पश्चिम महाराष्ट्र